'पेटीकोट कॅन्सर': निदान पक्कं, पण कारणाचं काय?

संशोधन-लेखाचं शीर्षक आणि निष्कर्ष वाचून पुढे जायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. आज एका छोट्या लेखाच्या मधल्या भागात डोकावू.

2024 मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांच्या नोंदी दिल्या. पहिली 70 वर्षांची, नाडी घट्ट बांधण्याच्या जागी 18 महिन्यांपासूनचा व्रण. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली, कमरेवर 2 वर्षांचा व्रण. ती 40 वर्षं लुगडं नेसत होती. बायोप्सीत दोघींनाही मार्जोलिन व्रण, म्हणजे जुन्या जखमेवर वाढणारा स्क्वॅमस पेशींचा कॅन्सर निघाला. दुसरीच्या लसिका ग्रंथीतही तो पसरला होता.

निदानाचा भाग भक्कम आहे, कारण इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. जुनाट जखमेच्या कडेला साधी त्वचाही खाली जिभांसारखी वाढते. वरवरचा तुकडा घेतला तर ती कॅन्सरसारखी दिसते. उलट, मधली सडलेली खपली घेतली तर कॅन्सर असूनही सापडत नाही. म्हणून तुकडा कडेचा आणि खोल हवा. पेशी बेढब आहेत का, त्या अंतस्त्वचेत घुसल्या आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच साधी वाढ आणि कॅन्सर वेगळे करता येतात.

आता खटकणारी गोष्ट. काचेवर कॅन्सर दिसतो, नाडी दिसत नाही. व्रण आधी की कॅन्सर आधी, हे कॅन्सर झाल्यावर घेतलेला तुकडा सांगू शकत नाही. कारण ठरवलं जातं ते जागा आणि सवय जुळवून. अंदाज पटण्यासारखा आहे, पण लाखो बायका रोज नाडी बांधतात. दोन रुग्णांवरून धोका किती हे काढता येत नाही. शिवाय दुसरी बाई लुगड्याखाली परकर घालतच नव्हती. मग नाव 'पेटीकोट' कसं? दोष कपड्याचा नाही, घट्ट बांधण्याचा. लेखकांचा सल्लाही तेच सांगतो. नावाने मात्र तो झाकला जातो.

आणि हे अगदी नवंही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्येच सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर लिहिताना 'धोतर कॅन्सर' नोंदवला होता. पुरुषांच्या कमरेवरचा! धोतर, लुगडं, परकर अशा तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की घर्षणाचा मुद्दा एकट्या लेखापेक्षा जास्त मजबूत होतो.

तरी हा लेख मला मोलाचा वाटतो. आमच्या कोंढ्यासारख्या गावात धानाची रोवणी करणाऱ्या बाया दिवसभर चिखलात वाकून असतात, कमरेला घामाने भिजलेली गाठ. तिथला चट्टा 'गजकर्ण असेल' म्हणून मलमावर वर्षभर निघतो. दोन रुग्णांची नोंद कारण सिद्ध करत नाही, पण कमरेवरची न भरणारी जखम दिसली की तुकडा तपासायला पाठवा, एवढं नक्की शिकवते.

केस रिपोर्ट वाचताना दोन रकाने आखा: ऊतकाने काय दाखवलं, आणि लेखकाने काय जोडलं. दोन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो.