ताशामागे किती ढोल?

अनंत चतुर्दशीला हिंगोलीत दोन रांगा लागतात. एक चिंतामणी गणपतीच्या दारात, नवसाच्या मोदकासाठी. तिच्यात परजिल्ह्यांतलेच नव्हे, तर तेलंगणातले लोकही येऊन उभे असतात. दुसरी रांग विसर्जन मिरवणुकीतल्या मंडळांची. पहिल्या रांगेत वादाला जागा नसते, मोदक हातात पडला की माणूस वाटेला लागतो. दुसऱ्या रांगेतला वाद मात्र पंधरा दिवस आधीपासून शिजत असतो: यंदा गणपतीपुढे वाजणार काय? डीजे, बँड, हलगी की गणवेश घातलेले ढोल-ताशा पथक?

मराठवाड्यात हा प्रश्न तसा अलीकडचा. पुण्यात तो जुना आहे, आणि तिथे त्याचे पोटप्रश्नही निघाले आहेत. पथके फार झाली का? ढोल फार झाले का? ताल जुना वाजतो की नुसता वेगाने वाजतो? मुले वादनासाठी येतात की फोटोसाठी? मिरवणूक पाहायला जाणाऱ्या जुन्या शौकिनाला विचारले, तर तो चहाचा कप बाजूला ठेवून तासभर बोलेल, आणि त्यातला अर्धा तास नक्कीच ‘आमच्या वेळी’वर जाईल. तो अर्धा तास वगळला तरी उरलेल्या बोलण्यात तथ्य असते.

आज आपण ज्याला पथक म्हणतो, ते शतकानुशतकांचे नाही. पुण्याच्या गणपतीत पूर्वी मुळशी, मावळ भागातले गावकरी ढोल-लेझीम घेऊन उतरत. ती गावची ढोलपार्टी होती, सुपारी घेऊन येणारी. १९७०च्या दशकात ज्ञान प्रबोधिनी शाळेत अप्पा पेंडसे यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे बरची नृत्याचे आणि ढोलाचे पथक उभे राहिले. मग रमणबाग शाळेचे पथक आले, आणि पुढे शाळेशी नाते नसलेली स्वतंत्र पथके आली. शहरातली, शिकलेली, पांढऱ्या सदऱ्यातली मुले रस्त्यावर ढोल बांधून उभी राहिली, हीच तेव्हा बातमी होती. त्यानंतर मुली आल्या, आणि त्यांनी ढोल कमरेला बांधला तेव्हा बऱ्याच भुवया उंचावल्या होत्या. आता त्यांच्याविना पथक उभेच राहत नाही. २०१४ साली मराठी नट-नट्यांचे ‘कलावंत’ पथक निघाले. मुठेच्या नदीपात्रात पावसाळ्यातल्या संध्याकाळी सरावाचे मांडव पडू लागले. अमेरिकेत, लंडनमध्ये मराठी मंडळांनी ढोल नेले. नाशिक ढोलाने तर दक्षिणेची वाट धरली. केरळात लग्नाला आणि निवडणुकीच्या विजयाला ‘नासिक ढोल’ वाजतो, आणि वाजवणारे मल्याळी असतात.

लोकप्रियतेचा हिशेब असा झकास आहे. कलेचा हिशेब वेगळा निघतो.

ढोल-ताशात पुढारी ताशा. तांब्या-पितळेच्या लहान भांड्यावर ताणलेले पान, गळ्यात अडकवलेले, दोन बारीक काड्यांनी वाजणारे. ताल उचलतो ताशा, हात बदलायचा इशारा देतो ताशा, मध्ये तर्री, म्हणजे काड्यांची सलग झड, फिरवून ढोलांना श्वास देतो तोही ताशाच. ढोल एका अंगाला टिपरूने आणि दुसऱ्या अंगाला थापीने त्याला उत्तर देतात. चांगला ढोलवादक घडायला एखादा हंगाम पुरतो. काड्या मनगटातून सुटून तर्री दाणेदार पडायला मात्र वर्षे जातात. म्हणूनच पथक वाढते ते ढोलांच्या अंगाने. तिसाचे पन्नास, पन्नासाचे शंभर. समोर ताशे मोजकेच, आणि त्यांतही हाताला जोर असलेले दोन-तीन. शंभर ढोल एकदम पडले की छाती हलते, हे खरे. पण त्या दणक्याखाली ताशाने काय म्हटले, हे दहाव्या रांगेतल्या ढोलवाल्यालाच ऐकू जात नाही. तो पुढच्याचा खांदा बघून वाजवतो. मग साधे ताल उरतात, कारण खांदे बघून अवघड ताल वाजत नाहीत.

पथकाच्या बाजूने बोलणारे म्हणतील, शिस्त पाहा, एकाच क्षणी पडणारा ठोका पाहा. शिस्त आहेच. पण जुन्या गावठी ढोलात चार वादक चार परीने वाजवत आणि तरी समेवर एकत्र येत, त्यात जी गंमत होती ती या एकसारखेपणात उरलेली नाही. वाद्यही बदलले. कातड्याचे पान आणि दोरीचे ताण जाऊन फायबरचे पान आणि नटबोल्ट आले. पावसात ढोल उतरत नाही, ही मोठी सोय. त्याबरोबर आवाज चिरका आणि कोरडा झाला, आणि कातड्यातला घुमारा गेला. मिरवणूक भाद्रपदाच्या पावसातच निघते, तेव्हा या सोयीला नावे ठेवणे थोडे अन्यायाचे आहे, तरी कानाला फरक कळतो.

संख्येचा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकात ढोल, ताशा, झांज मिळून ३० पेक्षा जास्त माणसे नकोत, असे बंधन घातले. कारण ध्वनिप्रदूषणाचे होते. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा ढोलाच्या पहिल्या ठोक्यालाच ओलांडली जाते. पथकांनी दाद मागितली. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनाला स्थगिती दिली, आणि तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ढोल-ताशाशी पुण्याचे जिव्हाळ्याचे नाते आहे अशा अर्थाची टिप्पणीही केली. जल्लोष झाला. त्या जल्लोषात एक साधा प्रश्न राहून गेला: पर्यावरणाचे सोडा, पण वादन म्हणून तीस माणसांत जे ऐकू येते ते दोनशेत ऐकू येते का? लवादाने चुकीच्या कारणासाठी बरोबर आकडा सुचवला होता, असे म्हणणारे जाणकार थोडे असतील, पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

हाच वाद सातासमुद्रापार अगदी वेगळ्या वाद्यांवर चालू आहे. अमेरिकेत बिगुल आणि ढोलांची संचलन करणारी पथके माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने वाढली. १९७१ मध्ये त्यांची ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था झाली. बिगुलाची जागा हळूहळू इतर पितळी वाद्यांनी घेतली, २००४ मध्ये ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली, २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्ये मैदानात आली. प्रत्येक वेळी जुन्या चाहत्यांनी ‘हे आता आमचे राहिले नाही’ म्हणून कपाळावर हात मारला. वादकांचे कसब मात्र चढत गेले. घसरली ती पथकांची संख्या. एकेकाळी गल्लीबोळातून शेकड्यांनी निघणारी पथके काही डझनांवर आली. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने चालली आहे. पथके उदंड, आणि कसब मूठभरांच्या मनगटात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या साऱ्याला आणखी एक पदर आहे, आणि पुण्याच्या चर्चेत तो सहसा येत नाही.

इथे गणवेशातले पथक ही पुण्याहून आलेली वस्तू. तेच फेटे, तेच ध्वज, तेच ताल, आणि तालांची नावेही तीच. शिकायला पुण्यात राहिलेला एखादा मुलगा परत येतो आणि गावातल्या पोरांना उभे करतो. त्यात वाईट काही नाही. पण ते येण्याआधी इथे शांतता नव्हती. पोळ्याला बैल मारुतीपुढे निघतात ते हलगी आणि सनईवर. मोहरमला मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत सवाऱ्यांपुढे ताशा कडाडतो आणि हिंदू घरांतली माणसेही त्यात चालतात. ताशा हे नावच फारसीतल्या भांड्याच्या शब्दापासून आलेले. गिरमिटिया मजुरांबरोबर याच कुळातले वाद्य त्रिनिदादला गेले आणि तिथल्या मोहरमात, होसेत, ‘टासा’ म्हणून आजही वाजते. बंजारा तांड्यावर होळीला लेंगी गीतांबरोबर नगारा आणि थाळी. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथमार्गे परभणीकडे जाते. पांढऱ्या वेशातले वारकरी, ओळीत पावले, टाळ-मृदंगाची एकच लय. मोठ्या समूहाने एकसाथ वाजवूनही आवाज मऊ कसा राहतो, याचा धडा नव्या पथकांना पाहिजे असेल तर तो दरवर्षी या रस्त्याने चालत जातो.

आणि हलगी. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, कड्यावर ताणलेले कातडे. मराठवाड्यात ती वाजवणे हे मुख्यतः मातंग समाजाच्या वाट्याला घातलेले गावकीचे काम होते. लग्न, मयत, पोळा, दवंडी, बोलावले की जायचे. मोबदला म्हणजे सुगीतले धान्य आणि ओट्याखालची जागा. आंबेडकरी विचार गावोगाव पोचला तसे अनेक तरुणांनी हे वाद्य खाली ठेवले, आणि त्यांचा निर्णय योग्यच होता, कारण त्यांनी संगीत नाकारले नव्हते, सक्ती नाकारली होती. आज १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत हलगी पुन्हा दिसते, ती वाजवणाऱ्याच्या मर्जीची आणि अभिमानाची.

म्हणून ‘पारंपरिक वाद्य विरुद्ध डीजे’ ही वादाची मांडणी अपुरी पडते. ती मांडणारे परंपरा म्हणून ढोलाकडे बोट दाखवतात आणि हलगीकडे पाहत नाहीत. चामडे बडवणे जोवर गावकुसाबाहेरच्या माणसाचे काम होते तोवर त्याला संस्कृती म्हणायला कुणी पुढे आले नाही. फायबरचे पान लागले, वर भगवा फेटा चढला, आणि तेच काम वारसा ठरले. पथकातला वादक हौसेने, बहुधा बिनपैशाने वाजवतो आणि सुपारीचा पैसा वाद्यांना किंवा समाजकार्याला लावतो, याचे कौतुक होते. हलगीवाल्याची त्या दिवशीची चूल सुपारीवर पेटते, म्हणून तो ‘धंदेवाईक’. हे तराजू तपासून पाहायला हवे.

डीजेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भिंतीएवढ्या पेट्यांसमोर वादन ही गोष्टच उरत नाही, बटण दाबणारा एक आणि थरथरणाऱ्या खिडक्या हजार. तरी एक कबुली द्यायला हवी. गरीब वस्तीतल्या मंडळाला पन्नास जणांचे पथक, त्यांची ने-आण आणि नाश्ता जमत नाही तेव्हा ते डीजेच्या ट्रॉलीकडे वळते. नाचायची हौस त्यांनाही आहे, आणि पथकापुढे नाचता येत नाही. पथक रिंगण करून आपल्यासाठी वाजवते, बाकीचे दोरीच्या बाहेर मोबाइल वर धरून उभे. हलगीपुढे मात्र कुणीही नाचतो. लहान पोर, म्हातारा, वरातीतला मामा, सगळे. वाजवणारा नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून लय चढवतो-उतरवतो. ही देवाणघेवाण पथकांनी हरवली, आणि तिची भरपाई आकड्याने होत नाही.

उपाय कुणाच्या खिशात नाही, पण काही गोष्टी अवघड नाहीत. पथकाने ढोल कमी करून ताशाला दोन वर्षे द्यावीत. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचा दीडशे वर्षांहून जुना उत्सव भरतो, तिथे पाळण्यांच्या आणि दुकानांच्या गर्दीत एक संध्याकाळ नगारा, हलगी, ताशा यांच्या जुगलबंदीला देता येईल, मानधन ठरवून आणि नाव पत्रिकेवर छापून. तालुक्याच्या एखाद्या पथकाने हलगीवाल्याला शिकवायला बोलावले आणि गुरू म्हणून खुर्ची दिली, तर पुण्याच्या तालांची नक्कल आपोआप सुटेल. इथल्या लयी इथेच आहेत.

भाद्रपदात मिरवणूक निघते तेव्हा बहुतेक वेळा एखादी सर येऊन जातेच. पथकाचे ढोल प्लास्टिकची टोपी घालून तसेच वाजत राहतात. थोडे मागे, बंद दुकानाच्या फळीखाली, हलगीवाला रद्दीचे चार कागद पेटवून हलगी शेकत बसतो. तो काडीने एक टिचकी मारतो, कान लावतो, परत धग देतो. चौथ्या-पाचव्या टिचकीला आवाज हवा तसा लागतो, आणि शेजारी उभ्या पोराचा पाय हलायला लागतो.