स्वयंपाकघरातला देव आणि दुभंगलेलं लक्ष

आजचं पुस्तक अगदी लहान आहे, एका बैठकीत वाचून होतं. पण आमच्या मते ते जितकं वाचलं जातं तितकंच चुकीचंही वाचलं जातं. पुस्तक म्हणजे ब्रदर लॉरेन्स यांचं ‘ईश्वराच्या सान्निध्याचा अभ्यास’.

लेखकाची थोडी ओळख करून घेऊ. मूळ नाव निकोला एरमाँ, गाव फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातलं. तरुणपणी ते सैनिक होते. लढाईत पाय जायबंदी झाला. १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ते साधे सेवक-बंधू म्हणून दाखल झाले आणि १६९१ मध्ये तिथेच वारले. त्यांना काम मिळालं स्वयंपाकघरातलं, आणि त्याचीच त्यांना मनापासून नावड! पुस्तक असं त्यांनी लिहिलंच नाही. जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांची पत्रं आणि त्यांच्याशी झालेली संभाषणं त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध केली. म्हणजे संभाषणांत आपण लॉरेन्सना दुसऱ्याच्या लेखणीतून ऐकतो, हे विसरू नये.

आता प्रचलित अर्थ पाहा. हात कामात आणि मन देवात, असा तो सांगितला जातो. ऐकायला गोड आहे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी लगेच विचारील, लक्ष असं दोन ठिकाणी राहतं का? आपल्याकडे गोरोबा कुंभारांची कथा आहे. नामात दंग होऊन ते चिखल तुडवत होते आणि पायाखाली आपलं मूल आलेलं त्यांना कळलं नाही. पुढे विठ्ठलानं मूल परत दिलं, असं कथा म्हणते. पण त्या मधल्या क्षणाचं काय? भक्तीची थोरवी सांगणारी ही कथा आम्हाला नेहमी भक्तीला दिलेल्या इशाऱ्यासारखीही वाटत आली आहे.

लॉरेन्सच्या पुस्तकात दोन सूर आहेत. एक, देवाशी अखंड संवाद ठेवावा. दुसरा, तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर. वाचक पहिला सूर धरतात. आमच्या मते खरा आधार दुसऱ्यात आहे. तिथे देव लक्षाचा दुसरा विषय राहत नाही, तर ‘कोणासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर होतो. मग ऑम्लेटकडे पूर्ण लक्ष देणं ही देवाकडे पाठ नसते.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. पत्नीच्या शेवटच्या आजारपणात आम्ही रात्री उशाशी बसून स्तोत्रसंहिता वाचत असू. एकदा वाचनात इतके रमलो की औषधाची वेळ टळली. ती हळूच म्हणाली, “अहो, आधी गोळी द्या. देव थांबेल.” चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे सांगावं लागलं! त्या रात्री देव पुस्तकात नव्हता, पाण्याच्या पेल्यापाशी होता.

मग चुकलेल्यानं काय करावं? इथे लॉरेन्स फार मोलाचे ठरतात. चूक झाली की ती देवापुढे कबूल करायची आणि कुढत न बसता पुन्हा कामाला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. सुरुवातीची दहा वर्षं आपल्याला फार यातना झाल्या, असं ते पत्रात लिहितात. मनःशांतीची सोपी युक्ती म्हणून हे पुस्तक विकणारे ही दहा वर्षं गाळतात.

आमचा एक आक्षेप मात्र उरतो. लॉरेन्स आपण होऊन मठात गेले. घरोघरच्या चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तिला हे पुस्तक देऊन ‘यातच देव पाहा’ म्हणायचं आणि आपण ताटावर बसायचं, हा देवाच्या नावाचा गैरवापर झाला. ज्याला हे पुस्तक आवडलं, त्यानं आधी उठून स्वतः भांडी घासावीत. मग आपण पुढची चर्चा करू.