‘नाही’ या शब्दाचे वजन

ऑगस्ट १८४० मध्ये माँट्रियलच्या ‘लोरोर दे कानादा’ या फ्रेंच वृत्तपत्रात तेरबॉन मतदारसंघाच्या मतदारांना उद्देशून एक आवाहन छापून आले. लिहिणारा बत्तीस वर्षांचा वकील होता, ल्वी-इपोलीत लाफाँतेन. निवडणुकीचे कागद निवडणुकीबरोबर रद्दीत जातात. हा कागद मात्र मी गद्याचा नमुना म्हणून पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, आणि दर वाचनात त्याची एखादी नवी शीर हाताला लागते.

हे शब्द कोणत्या हवेत लिहिले गेले, ते आधी पाहिले पाहिजे. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या लोअर कॅनडा या ब्रिटिश प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे होते. १७९१ च्या कायद्याने त्यांना निवडून दिलेले सभागृह मिळाले. पण तिजोरी आणि नेमणुका गव्हर्नर व त्याच्या भोवतीच्या मंडळींच्या हाती राहिल्या. १८३४ मध्ये सभागृहातले पुढारी पापिनो यांच्या पक्षाने ९२ ठरावांत आपली गाऱ्हाणी मांडली. १८३७ मध्ये लंडनहून उत्तर आले ते दहा ठरावांचे, आणि त्यात सभागृहाच्या संमतीवाचून पैसा खर्च करण्याची मुभा गव्हर्नरला दिलेली होती. त्याच नोव्हेंबरात सँ-देनीला बंडखोर जिंकले. दोन दिवसांनी सँ-शार्लला आणि डिसेंबरात सँ-तस्ताशला चिरडले गेले. १८३८ मध्ये पुन्हा उठाव झाला. बारा जण फासावर गेले, अठ्ठावन्न जणांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले. सभागृह बंद झाले आणि नेमलेल्या ‘विशेष मंडळा’चा कारभार सुरू झाला. गव्हर्नर जनरल म्हणून आलेल्या लॉर्ड डरहॅम यांनी अहवालात दोन उपाय सुचवले: वसाहतीला जबाबदार राज्यपद्धती द्यावी, आणि लोअर व अप्पर कॅनडा हे दोन्ही प्रांत एक करून फ्रेंच समाज इंग्रजीत विरघळवून टाकावा. लंडनने दुसरा उपाय तेवढा उचलला. तोच १८४० चा युनियन कायदा. लाफाँतेन पापिनोंचा अनुयायी. त्याने शस्त्र उचलले नव्हते, तरी १८३८ मध्ये तो तुरुंगात पडला आणि आरोपपत्राविना सुटला. अशा माणसाच्या लेखणीतून आग बाहेर पडली असती, तर कोणी नवल केले नसते.

आवाहनाची सुरुवात मात्र शांत आहे. कॅनडा ही आमच्या पूर्वजांची भूमी, असे तो म्हणतो, आणि लगेच पुढे जोडतो की जगाच्या निरनिराळ्या भागांतून इथली अरण्ये तोडून घर करायला येणाऱ्या लोकांचीही ती दत्तक मातृभूमी झाली पाहिजे. त्यांची मुले आमच्यासारखीच, सगळ्यांच्या आधी कॅनेडियन असावीत. इथे ‘आमच्यासारखी’ या शब्दावर थांबावे. मूळ फ्रेंचमध्ये ‘कॉम नू’ हे दोन शब्द या छोट्या उताऱ्यात दोनदा येतात. डरहॅमच्या अहवालात फ्रेंच माणसाने इंग्रज व्हायचे होते. मोजपट्टी इंग्रजाची होती. लाफाँतेन त्या मताचे नावही घेत नाही, वाद घालत नाही. तो फक्त मोजपट्टी आपल्या हातात घेतो. येणारा पाहुणा आणि आपण यजमान, हे त्याने गृहीतच धरले आहे, आणि यजमानाच्या तोंडी रागाऐवजी अगत्य घातले आहे. ज्याला घरातून उठवायचे ठरले आहे, त्याने दारात उभे राहून ‘या, बसा’ म्हणावे! इतक्या सौम्य शब्दांत इतका ठाम हक्क सांगितलेला माझ्या वाचनात क्वचितच आला आहे.

सामाजिक समतेचा परिच्छेद छोटा आहे. या देशात जनतेच्या वर बसणारी विशेष जात टिकणार नाही. आज कोणी पदव्या बहाल केल्या, तर उद्या त्या चिखलात लोळताना दिसतील, असा त्याचा आशय. साऱ्या मजकुरातली ही सर्वांत चटकदार प्रतिमा. ती त्याने एकदाच वापरली आणि पुढे तशी दुसरी आणली नाही, हा संयम मला त्या प्रतिमेहून अधिक आवडतो.

मग येते ते वाक्य, ज्यासाठी हा कागद जपून ठेवावा. युनियन हे अन्यायाचे आणि जुलमाचे कृत्य आहे, एवढे म्हणून तो पाच कारणे देतो. प्रत्येक कारण फ्रेंचमधल्या ‘आँ स क’ या शब्दांनी सुरू होते. आपल्याकडे जुन्या दस्तऐवजात ‘कारण की’ येते तसे. ती वकिलाची लकब आहे, भाषणबाजाची नाही. युनियन आमच्या संमतीवाचून लादली गेली. लोअर कॅनडाला तिने प्रतिनिधींच्या न्याय्य संख्येला मुकवले: तिथली वस्ती सुमारे साडेसहा लाख आणि अप्पर कॅनडाची साडेचार, तरी दोघांना बेचाळीसच जागा. विधिमंडळाच्या कामकाजातून तिने आमची भाषा काढून घेतली. आम्ही न काढलेले कर्ज ती आमच्या संमतीवाचून आमच्याकडून फेडून घेते. आणि प्रतिनिधींच्या मताविना महसुलाचा मोठा वाटा कारभाऱ्यांना घेऊ देते.

या यादीची वीण उलगडून पाहावी. ‘संमती’ पहिल्या कारणात आहे, चौथ्यात पुन्हा आहे, आणि पाचव्यात ‘मत’ होऊन येते. ब्रिटिश घटनापरंपरेला स्वतःचा अभिमान जिथे वाटतो, तीच ही जागा. तिच्याच तत्त्वाने तिच्याच कायद्याला त्याने पिंजऱ्यात उभे केले आहे. आणि भाषा? भाषा बरोबर मधोमध आहे, पाचांत तिसरी. शिवाय प्रत्यक्ष वचनभंगाचा पुरावा जोडलेले कारण हे एकटेच: तहांचा शब्द आणि गव्हर्नर जनरलचा शब्द, दोन्ही इथे मोडले, असे तो नोंदवतो. जे सर्वांत दुखते ते त्याने ओरडून सांगितले नाही. दोन व्यावहारिक तक्रारी आधी, दोन नंतर, आणि मध्ये कोंदणात बसवलेला खडा. सगळ्या कारणांचा कर्ता एकच आहे, ‘ती’ म्हणजे युनियन. इंग्रज माणूस, इंग्रज शेजारी त्यात एकदाही आरोपी होत नाही. पाच हत्यारे परजली, आणि एकाचेही टोक माणसाकडे वळले नाही!

इथवर वाचणाऱ्या मतदाराचे मन आपोआप एका मागणीकडे धावते: हा कायदा रद्द करा. लाफाँतेन तोच प्रश्न स्वतः विचारतो. म्हणून का आपल्या प्रतिनिधींनी आधीच, कसल्याही हमीविना, युनियन रद्द करण्याची मागणी करण्यास स्वतःला बांधून घ्यावे? आणि उत्तर देतो: नाही. तबल्याचे बोल चढत चढत जावेत आणि सम अगदी हलक्या बोटाने दाखवावी, तसा तो एक शब्द आहे. पाच कारणांचा सगळा भार पेलून तो उभा राहतो, म्हणूनच त्याला वजन आहे. आधीची यादी जराही मिळमिळीत असती, तर हे ‘नाही’ शरणागतीसारखे वाटले असते. त्यामागचे कारणही तो भाबडेपणाने झाकत नाही. उतावीळपणे सगळे नाकारले, तर आपण पुन्हा त्या विशेष मंडळाच्या, स्वातंत्र्याचा गळा घोटणाऱ्या कायद्यांखाली ढकलले जाऊ आणि प्रतिनिधित्वच उरणार नाही. ‘लिबर्तिसिद’ हा सर्वांत जहाल शब्द त्याने इथे, संयमाच्या बाजूने वापरला आहे. उताविळांना थोपवायला त्यांचाच शब्द! ही खुबी पहिल्यांदा लक्षात आली, तेव्हा मी कागद खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पुढचा भाग अप्पर कॅनडाच्या सुधारकांसाठी आहे, जरी पत्र तेरबॉनच्या शेतकऱ्यांना लिहिलेले आहे. युनियनची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली, असे तो स्पष्ट म्हणतो. पण मध्ये एक लहानसे उपवाक्य सोडतो, ‘किंवा निदान त्यांच्या प्रतिनिधींनी’. या चार शब्दांत एक आख्खे दार उघडे ठेवले आहे. तुमची फसगत झाली असेल तर तसे बोला, आणि न बोलाल तर आमची व तुमची दोघांचीही सुधारणा अनेक वर्षे रखडेल. आर्जव आणि इशारा एकाच श्वासात आहेत, तरी दोन्हींचा सूर वेगळा ऐकू येतो. लांबलचक वाक्यांनंतर तो एका अगदी छोट्या वाक्यावर येऊन थांबतो: उभयतांचा लढा एकच, एवढाच त्याचा आशय. टोरोंटोचे सुधारक फ्रान्सिस हिंक्स वर्षभराहून अधिक काळ त्याला पत्रे लिहीत होते. त्या सगळ्या पत्रव्यवहाराचा अर्क या छोट्या वाक्यात उतरला आहे.

मुख्य मागणी तो एकच करतो, जबाबदार राज्यपद्धती: मंत्र्यांनी गव्हर्नरला नव्हे, सभागृहाला उत्तर द्यावे. ऑगस्ट १९१७ मध्ये माँटेग्यू यांच्या घोषणेत आले तेच हे शब्द. मराठी वाचकाला ते तिथून ओळखीचे आहेत. लाफाँतेन या तत्त्वाला मुद्दाम ‘इंग्रजी तत्त्व’ म्हणतो आणि आपण त्याच्या बाजूचे आहोत असे निःसंकोच सांगतो. डरहॅमने एका हाताने देऊ केलेले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलेले, त्यातले नेमके पहिले त्याने उचलले. जुलूम करणाऱ्याच्या घरातली चांगली वस्तू ओळखायला नजर निर्मळ लागते.

कागदावरचे हे शब्द पुढे माणसांच्या वागण्यात उतरले. मार्च १८४१ मध्ये तेरबॉनच्या मतदानकेंद्राचा ताबा दंडुकेवाल्यांनी घेतला, तेव्हा रक्त सांडू नये म्हणून लाफाँतेनने माघार घेतली. त्याच सप्टेंबरात अप्पर कॅनडाचे सुधारक रॉबर्ट बाल्डविन यांच्या पुढाकाराने टोरोंटोजवळच्या यॉर्कच्या इंग्रजी बोलणाऱ्या मतदारांनी या फ्रेंच कॅथलिकाला निवडून दिले. दीड वर्षाने बाल्डविन यांना रिमूस्कीच्या फ्रेंच मतदारांनी निवडून देऊन त्याची परतफेड केली. मार्च १८४८ मध्ये दोघांचे मंत्रिमंडळ आले, ते सभागृहातल्या बहुमताच्या बळावर.

आणि ते तिसरे कारण, मधोमध बसवलेले? सप्टेंबर १८४२ मध्ये सभागृहात बोलायला उठलेल्या लाफाँतेनला कोणीतरी इंग्रजीत बोलण्यास सांगितले. मला इंग्रजी फ्रेंचइतकी येत असती, तरी माझे पहिले भाषण मी फ्रेंचमध्येच केले असते, अशा अर्थाचे त्याने उत्तर दिले आणि फ्रेंचमध्ये बोलत राहिला. १८४८ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पार्लमेंटने ते भाषाबंदीचे कलम रद्द केले. जानेवारी १८४९ मध्ये माँट्रियलच्या सभागृहात गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन यांनी ही बातमी उद्घाटनाच्या भाषणात सांगितली. आधी ते इंग्रजीत बोलले, मग तेच भाषण त्यांनी स्वतःच्या तोंडाने फ्रेंचमध्ये वाचून दाखवले. एल्गिन हे डरहॅम यांचे जावई होते.