मारा करण्याआधीचा टर्न

शनिवारी दुपारी माणगावच्या बाजारपेठेतून मुंबई-गोवा महामार्गावरच्या गाड्या कशा सरकतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’मधला वेढा समजायला वेळ लागणार नाही. पुढचा ट्रक हलल्याशिवाय मागची एसटी हलत नाही, आणि ज्याला घाई आहे तोच नेमका रांगेच्या शेपटाला अडकलेला असतो. 2010 साली आलेल्या या खेळात एका षट्कोनी घरात एकच लढाऊ तुकडी उभी राहू शकते. त्याआधीच्या भागांत एकाच घरात सैन्याची चळत रचता यायची. ती सोय गेली आणि वेढ्याच्या हत्यारांना खरा जीव आला, असं मला मनापासून वाटतं. कारण आता तोफ किती जोरात मारते याच्याआधी ती उभी कुठं करायची, हा प्रश्न येतो.

खेळातला कॅटापल्ट, म्हणजे दगड फेकणारं यंत्र, घ्या. त्याच्या माहितीत जे लिहिलंय ते सावकाश वाचलं तर त्याचा सगळा स्वभाव कळतो. शहरावर मारा जबर. झाडी-टेकडीच्या आडोशाचा फायदा नाही. नजर तोकडी. आणि मारा करण्यापूर्वी यंत्र मांडावं लागतं. ही शेवटची अट मला या खेळातली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. कॅटापल्टला एका टर्नमध्ये, म्हणजे एका पाळीत, दोन पावलं मिळतात आणि मांडणीला त्यातलं एक जातं. सपाटीवर एक घर पुढं सरकून यंत्र मांडलं, की हात रिकामे. दगड सुटणार पुढच्या टर्नला. टेकडी चढलात, झाडीत शिरलात किंवा नदी ओलांडलीत तर त्या एकाच हालचालीत दोन्ही पावलं संपतात. मग मांडणीही पुढच्या टर्नला. आणि मांडलेलं यंत्र जरा हलवलं की मांडणी मोडते.

आता यात शहराचा मारा मिळवा. शहर दोन घरांपर्यंत मारतं, कॅटापल्टही दोनच घरांपर्यंत. म्हणजे जिथून आपण मारू शकतो तिथं आपणही मार खाणार. यंत्र नदी ओलांडून पलीकडच्या काठावर उभं राहिलं, की तो टर्न नुसता सोसण्याचा. परवा माझ्या खेळात असाच प्रसंग होता. शहर टेकडीवर, अलीकडे नदी, उजवीकडे दाट झाडी. कॅटापल्ट तीन. पूर्वी मी त्यांना एकामागून एक पुढं ढकलायचो आणि एकामागून एक गमवायचो, कारण शहर दर टर्नला आपली डागडुजी करतं आणि एकट्या यंत्राचा घाव दुसऱ्या दिवशी भरून निघतो. या वेळी तिन्ही यंत्रं शहराच्या माऱ्याबाहेर थांबवली आणि भालाईत पुढं पाठवले. शहराला टर्नला एकच मारा करता येतो. तो भालाइतांनी अंगावर घेतला. त्यांच्या मागून, एकाच टर्नला, तिन्ही यंत्रं नदीपार झाली. त्या टर्नला माझ्याकडून एकही दगड सुटला नाही. तरी वेढा तिथंच जिंकला होता.

नजरेची गोष्टही अशीच. यंत्राला लांबचं दिसत नाही, म्हणून कुणीतरी पुढं उभं राहून त्याला शहर दाखवावं लागतं. मधे डोंगर किंवा झाडी आली तर सपाटीवरून मारा होत नाही. नकाशा मग वेगळाच दिसू लागतो. एरवी जी टेकडी आपण नुसती ओलांडून गेलो असतो, तिच्यावरून पलीकडचं दिसतं म्हणून ती सोन्याची होते. ट्रेब्युशे आणि कॅनन या पुढच्या पायऱ्या. त्यांत बळ वाढतं, शिस्त तीच राहते.

खरा पालट होतो आर्टिलरी हाती आल्यावर. पल्ला तीन घरांचा, म्हणजे शहराच्या माऱ्याबाहेरून घाव घालता येतो. शिवाय मधल्या डोंगरावरून मारा. हे वाचताना आम्हा माणगावकरांना रायगड आठवल्याशिवाय राहत नाही. निजामपूरवरून पाचाडच्या वाटेला लागलं की समोर येणारे ते कडे पाहा. तिथं भिंत पाडून उपयोग काय? भिंत जेमतेम मोजक्या ठिकाणी आहे, बाकी सगळी तटबंदी सह्याद्रीनंच घातलेली. 1818 च्या उन्हाळ्यात कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेनं त्या कड्यांना भिडण्याचा हट्ट धरला नाही. तिनं उखळी तोफा वापरल्या. त्यांचा गोळा उंच जातो आणि वरून खाली पडतो. त्याला कडा आडवा येत नाही. गड चढण्याचा प्रश्न तोफ कुठं मांडायची या प्रश्नात बदलला, आणि मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती गेला. वाईट वाटतं, पण वेढ्याचं शास्त्र म्हणून ते समजून घेतलंच पाहिजे.

आणि इथंच मला हा खेळ अपुरा वाटतो. खेळात तोफांनी शहराचा जीव शून्याच्या काठावर आणता येतो, पण ते घेता येत नाही. त्यासाठी तलवार-भाल्याची एखादी तुकडी वेशीतून आत शिरावी लागते. नियम म्हणून हे उत्तमच आहे, त्यामुळे तोफ आणि पायदळ यांना एकमेकांची गरज राहते. पण खेळातलं शहर कधी शरण येत नाही. आत कोण आहे, त्यांच्या मनात काय चाललंय, याचा पत्ता खेळाला नाही. रायगडावर त्या वेळी दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. गोळ्यांनी राजवाड्याला आग लागली आणि गडावरून बोलणी सुरू झाली. एकही शिपाई कडा चढून आत गेला नाही. आतल्या माणसांचं धैर्य मोजणारा एखादा आकडा या खेळात असता, तर मी त्याला वेढ्याचा परिपूर्ण खेळ म्हटलं असतं. आज मी त्याला मांडणीचा परिपूर्ण खेळ म्हणतो.

खेळणाऱ्यांना एक विनंती. पहिला कॅटापल्ट एकटा पुढं पाठवू नका, आणि कधी माणगावमार्गे रायगडावर आलात तर राजवाड्याच्या जोत्यावर घटकाभर थांबा. वरचं लाकूडकाम त्या आगीत गेलं. दगडी जोती आजही जागेवर आहेत.