रोटारॉडवरचे सेकंद नेमकं काय मोजतात?

शोधनिबंध वाचताना एक वाक्य तुम्हाला कधी ना कधी भेटणारच: ‘औषध दिलेल्या उंदरांमध्ये मोटर कोऑर्डिनेशन सुधारलं.’ खाली आलेख असतो. एक स्तंभ उंच, एक बुटका, आणि वर सांख्यिकीची चांदणी. आपण मान डोलावतो आणि पुढचं पान उलटतो. माझं म्हणणं असं की नेमकं इथेच थांबायला हवं. त्या उंच स्तंभात बऱ्याचदा एकच गोष्ट मोजलेली असते: उंदीर फिरत्या दांड्यावरून किती सेकंदांनी खाली पडला.

हे यंत्र म्हणजे रोटारॉड. डनहॅम आणि मिया यांनी १९५७ साली त्याची माहिती देणारी छोटीशी नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा दावा साधा होता: मज्जासंस्थेतला बिघाड ओळखायचं एक सोपं साधन. १९६८ मध्ये जोन्स आणि रॉबर्ट्स यांनी दांड्याचा वेग हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत मांडली. आज बऱ्याच प्रयोगशाळांत ३०० सेकंदांत वेग मिनिटाला ४ फेऱ्यांपासून ४० फेऱ्यांपर्यंत नेतात. उंदीर खालच्या पट्टीवर पडला की घड्याळ थांबतं. चाचणी झटपट होते, एका वेळी अनेक उंदीर बसतात, आणि आकडा काढायला कुणाच्या मताची गरज पडत नाही. हे फायदे खरे आहेत, नाहीतर ही चाचणी इतकी टिकली नसती.

पण ‘बिघाड आहे का?’ आणि ‘समन्वय किती चांगला आहे?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी बनवलेलं साधन आपण सर्रास दुसऱ्यासाठी वापरतो.

आता बघा, उंदीर लवकर का पडतो? तोल गेला म्हणून. पण दमला म्हणून, पकड कमी म्हणून, वजन जास्त म्हणून, किंवा खाली पडल्यानं काही बिघडत नाही हे कळलं म्हणूनसुद्धा. वजनाचा मुद्दा तर फारच साधा आहे आणि तितकाच दुर्लक्षित. जड उंदीर साधारणपणे लवकर पडतात. म्हणजे तुमच्या औषधानं भूक मंदावली आणि उंदीर हडकले, तर मेंदूत काहीही न बदलता स्तंभ उंच होऊ शकतो. निबंधात दोन्ही गटांची वजनं दिलेली नसतील, तर त्या चांदणीवर लगेच विश्वास ठेवू नका.

उलटही घडतं. माझ्या सुरुवातीच्या प्रयोगात एका उंदरानं सलग दोन ट्रायलमध्ये पूर्ण ३०० सेकंद काढले. वहीत मी त्याच्यापुढे खुशीत खूण केली. नंतर व्हिडिओ लावला तर पठ्ठ्या चालतच नव्हता! दांड्याला घट्ट मिठी मारून त्याच्याबरोबर गोल गोल फिरत होता. पडला नाही, म्हणून घड्याळही थांबलं नाही. यंत्राच्या लेखी तो सगळ्यात हुशार उंदीर होता. असे फेरे मोजायचे कसे, किती झाल्यावर ट्रायल थांबवायची, हा नियम प्रयोगाआधीच ठरवावा लागतो. मी तो ठरवला नव्हता. व्हिडिओ नसता तर तो आकडा तसाच प्रबंधात गेला असता.

तिसरी भानगड शिकण्याची. रोज सराव दिला की उंदीर दांड्यावर जास्त वेळ टिकतात. मग पहिल्या दिवशीचा फरक आणि चौथ्या दिवशीचा फरक यांचा अर्थ एकच कसा असेल? पहिल्यात तोल आणि ताकद जास्त दिसते, नंतरच्यात शिकणंही मिसळतं. सगळ्या दिवसांची सरासरी काढली की दोन्हींची खिचडी होते. आणि जास्त वेळ टिकणं म्हणजे जास्त निरोगी, असंही नाही. ऑटिझमशी जोडल्या गेलेल्या न्यूरोलिगिन-३ या जनुकात बदल केलेले उंदीर रोटारॉडवर साध्या उंदरांपेक्षा सरस ठरले आहेत.

क्रॅब आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा अभ्यास तर संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच जातींचे उंदीर घेऊन, शक्य तितकं सगळं सारखं ठेवून, त्याच चाचण्या केल्या. त्यांत रोटारॉडही होतं. जातींमधले मोठे फरक टिकले, पण काही निष्कर्ष प्रयोगशाळेगणिक बदलले. तेव्हा एकाच ठिकाणी दिसलेला छोटासा फरक जपूनच वाचायचा.

मग रोटारॉड फेकून द्यायचं का? नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, इतकंच. जोडीला अरुंद पट्टीवर चालण्याची चाचणी घ्या आणि मागचे पाय किती वेळा घसरले ते मोजा. तिथेही फक्त लागलेला वेळ धरू नका. उंदीर मध्येच थांबून वास घेत बसतो. घसरणं डोळ्यांनी मोजायचं असतं, म्हणून कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून मोजून घ्या. पकडीची ताकद वेगळी तपासा. वजनं लिहा. आणि १० उंदरांच्या तीन-तीन ट्रायल म्हणजे ३० नमुने नव्हेत, नमुने १०च.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगाआधी संस्थेच्या नीतिसमितीला अर्ज द्यावा लागतो. इतकेच उंदीर का, हे त्यात लिहावं लागतं. तो रकाना भरताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: या चाचणीतून माझ्या प्रश्नाचं उत्तर खरंच मिळणार आहे का? नसेल, तर कमी उंदीर वापरले तरी तेही वायाच गेले.

सुरुवातीचं वाक्य मी आता असं लिहीन: ‘औषध दिलेले उंदीर रोटारॉडवर जास्त वेळ टिकले.’ समन्वय सुधारला, हे म्हणायला अजून पुरावा हवा.