ओल्या तळव्यांचा श्याम आणि नंतरचे

अंघोळ झालेला एक लहान मुलगा दगडावर उभा आहे. तळवे ओले आहेत, जमिनीवर पाय टेकला तर माती लागेल. म्हणून तो हट्ट धरतो, की आईने आपलं लुगडं पसरावं, त्यावर पाय पुसून मगच तो खाली उतरेल. आई ते करते आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं सांगते. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तला हा प्रसंग मराठी घरांत तीन-चार पिढ्यांच्या तोंडी आहे. लोकांच्या लक्षात राहते ती शिकवण. श्याम हे पात्र मात्र त्या हट्टात आहे. आईने आपल्यासाठी नेसतं लुगडंही अंथरावं असं वाटणारा हा मुलगा आहे आणि ती अंथरेल याची त्याला खात्री आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही गोष्ट लहान श्याम सांगत नाही. मोठा झालेला, आई गमावलेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्री, एकूण बेचाळीस रात्री, ती सांगतो. ऐकणाऱ्यांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे की आई आता नाही. त्यामुळे प्रत्येक लाडाला ऋणाचा रंग चढतो. बालपणाने श्याम घडवला हे खरं आहे, पण ते बालपण आठवणाऱ्या श्यामनेही घडवलेलं आहे. कथा-कादंबरीतलं पात्र आणि त्याचा भूतकाळ यांचं नातं असं दुहेरी असतं. मराठीत हे नातं कुणी किती समजून हाताळलं, त्यावरून लेखकाचा कस लागतो.

याच आईसमोर बाबुराव बागूलांची ‘आई’ ही कथा ठेवली की काळजात धस्स होतं. तिथेही एक मुलगा आहे, शाळेत आईवरची कविता शिकवली जाते आहे आणि तो तल्लीन होऊन ऐकतो आहे. मग वर्गातल्या मुलांच्या तोंडून त्याच्या आईबद्दल नको ते बाहेर पडतं. विधवा, कष्ट करणारी, बाप जिवंत असताना त्याच्या संशयाचा मार सोसलेली ही बाई. मुलगा घरी येतो तो कवितेतली आई आणि मुलांच्या बोलण्यातली आई, दोघींना सोबत घेऊन. समोरच्या बाईकडे बघायला त्याला स्वतःचे डोळेच उरलेले नाहीत. बापाचा संशय मुलाच्या नजरेत कधी उतरला, हे बागूल एका वाक्यानेही सांगत नाहीत. ते आपल्याला दिसतं. वारसा म्हणजे फक्त जमीन आणि आडनाव नव्हे, संशयही बापाकडून मुलाकडे येतो, हे मराठी कथेने इतक्या थेटपणे क्वचितच दाखवलं आहे.

बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, सगळ्यांची टर उडवतो. पुढे धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते आणि कादंबरीची भाषाच हादरते. इतका वेळ बेफिकीर वाटणारा आवाज दुःखाने वेडापिसा होतो. त्यानंतर मागची पानं पुन्हा चाळली, तर ती बेफिकिरी वेगळी ऐकू येते. अर्थात मनीच्या मृत्यूमुळे पांडुरंग असा झाला, असं नेमाडे कुठेही म्हणत नाहीत. मनीआधीही तो तसाच होता आणि तिच्यानंतरही पुष्कळसा तसाच राहतो. बदलतो तो आपला कान. वडिलांवरचा रागही असाच आहे. ज्या बापाच्या सावलीतून पळायचं, त्याच बापाच्या गावात पांडुरंग शेवटी परततो.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’मध्ये (२०१०) नेमाड्यांनी हेच सूत्र केवढं तरी ताणलं. नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे आणि गावी बाप मरणाच्या दारात. परतीच्या वाटेवर त्याच्या मनात घर, भावकी, आत्या, गडीमाणसं, गावगाडा सगळं वर येऊ लागतं. उत्खनन करणारा माणूस स्वतःच खणला जातो. ही कल्पना मोठीच आहे. मात्र अडगळ इतकी साचते की काही वेळा खंडेराव तिच्याखाली दिसेनासा होतो. पात्राला घडवणारा भूतकाळ पात्रालाच गिळू शकतो, याचा हा दाखला आहे आणि प्रयोग मोठ्या ताकदीचा असल्यामुळे ही उणीवही अभ्यासण्याजोगी ठरते.

बायकांच्या पात्रांचा इतिहास याहून जुना आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू आपली हकीकत आपणच सांगते. वडिलांचा धाक, सोसणारी आई, मैत्रीण दुर्गीची परवड, हे सगळं बालपणीच्या भोळ्या नजरेतून येतं. पुढे तिच्या वाट्याला वैधव्य आणि सक्तीचं केशवपन येतं, तेव्हा लहानपणी नुसतं पाहिलेलं तिला आता कळत जातं. एका पुरुषाने, तेही त्या काळात, बाईच्या आठवणीला कादंबरीचा कणा केलं, याचं मोल आपण अजून पुरतं जोखलेलं नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक तर आठवणी सांगायला थांबतच नाही. तिला वेळ नाही. गरिबी, नवऱ्याचा महारोग, हातातून निसटत जाणारा संसार, या सगळ्याशी ती वऱ्हाडी बोलीत भांडते. शेळक्यांनी तिचं पूर्वायुष्य फारसं उलगडलेलं नाही. तरी तिच्या जिद्दीमागे काय काय असेल, हे तिच्या तोंडच्या एकेका वाक्यातून कळत राहतं.

गौरी देशपांडे यांच्या नायिकांच्या वाट्याला वेगळाच त्रास आला. लेखिका इरावती कर्व्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची नात. त्यामुळे तिच्या मोकळ्या, घराबाहेर पडणाऱ्या, नवरा-मुलांवर प्रेम करूनही स्वतःपुरतं अंतर राखणाऱ्या बायकांचा उगम वाचक लेखिकेच्याच घरात शोधत राहिले. हा शोध कथेवर अन्याय करतो. त्या बायकांना त्यांची स्वतःची घरं आहेत, त्यांचे आई-बाप त्या पानांत आहेत. वाचायचं ते तिथे.

अलीकडे मात्र एक सोपी वाट रुळली आहे आणि ती काळजी वाटावी अशी आहे. नायक चिडका का, नायिका लग्नाला का घाबरते, याचं उत्तर म्हणून लहानपणीचा एक आघात कथेच्या शेवटी उघडा केला जातो. मालिकांनी ही सवय वाढवली, दिवाळी अंकांतल्या कथांतही ती वारंवार भेटते. कुलपाला किल्ली लागावी तसं पात्र उघडतं आणि तिथेच संपतं. खऱ्या घरात असं होत नाही. एकाच आईच्या हाताखाली वाढलेली दोन भावंडं एकाच प्रसंगाच्या दोन निरनिराळ्या आठवणी सांगतात.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) ही जाण आहे. शिकलेला, नोकरी नसलेला, शेतात राबणारा एकनाथ आणि त्याचा भाऊ मधू एकाच घरातले, पण तीच जमीन दोघांना एकसारखी दिसत नाही. एकनाथची बायको अलका वेगळ्या घरातून आलेली, तिच्या मनातलं संसाराचं चित्रही वेगळं. घरातल्या प्रत्येक भांडणात कर्ज, पीक, बाजारभाव बोलत असतात, तरी कुणीही नुसता प्रश्नाचा प्रतिनिधी होत नाही. रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) तर एका कुळाच्या पिढ्या शतकानुशतकांच्या पटावर मांडल्या. तिथे एका माणसाची आठवण पुरत नाही, म्हणून निवेदक दंतकथा, इतिहास आणि कल्पना यांच्या आधाराने आपले पूर्वज उभे करतो.

आणि एक छोटी कादंबरी, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक भाडेकरू तरुण राहायला येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि त्याची बहीण अनुजाही. मग तो तरुण निघून जातो. पहिला भाग तनयचा, निघून गेलेल्याला उद्देशून बोललेला. दुसरा भाग अनुजाच्या डायरीचा. घर तेच, आई-बाबा तेच, खोलीही तीच. तनयच्या बोलण्यात ते घर लपण्याची जागा आहे, अनुजाच्या डायरीत दार उघडून बाहेर पडायची. भाडेकरूला कुंडलकरांनी नाव दिलेलं नाही. बहीण-भाऊ त्याच्याविषयी एकमेकांशी मोकळेपणी बोलत नाहीत आणि दोघांचे दोन भाग एकाच पुस्तकात शेजारी शेजारी राहतात, एकाच घरातल्या दोन बंद खोल्यांसारखे.