विवाहसंबंध आणि विभक्ती : चम्मक व रिद्धपूर ताम्रपटांतील प्रभावतीगुप्ता

वाकाटक व गुप्त या राजकुलांच्या विवाहसंबंधाचा विचार बहुधा राजनीतीच्या अंगानेच झालेला आहे. पश्चिम क्षत्रपांवरील स्वारीत वाकाटकांचे साहाय्य मिळावे, म्हणून दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली कन्या प्रभावतीगुप्ता दुसऱ्या रुद्रसेनास दिली, ही उपपत्ती व्हिन्सेंट स्मिथपासून रूढ आहे. ती असंभवनीय नाही. परंतु ती कन्या देणाऱ्याचा हेतू सांगते, कन्येविषयी काहीच सांगत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारे दोन संस्कृत ताम्रपट अमरावती जिल्ह्यातच उपलब्ध झाले आहेत.

अमरावतीहून वलगावमार्गे अचलपूरकडे जावे, तर अचलपूरच्या परिसरात चम्मक हे गाव आहे. तेथील ताम्रपट प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या १८व्या राज्यवर्षाचा आहे. दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा. हे नाव मराठीच्या अभ्यासकास महानुभाव पंथामुळे परिचित आहे. हा ताम्रपट खुद्द प्रभावतीने पुत्राच्या १९व्या वर्षी दिला. म्हणजे पुत्राचा व मातेचा लेख यांत अंतर अवघ्या एका वर्षाचे आहे. परंतु वंशकथनाची रीत सर्वस्वी भिन्न आहे.

चम्मक ताम्रपटात वाकाटकांची वंशावळ आहे. पहिला रुद्रसेन हा तीत भारशिव नृपती भवनागाचा ‘दौहित्र’ म्हणून येतो. ज्या कन्येमुळे हे नाते जडले, तिचे नावही नाही. प्रभावतीचे नाव येते, पण सप्तमीत : देवगुप्ताची, म्हणजेच चंद्रगुप्ताची, कन्या जी प्रभावतीगुप्ता, तिच्या ठायी उत्पन्न झालेला प्रवरसेन. ती येथे केवळ उत्पत्तीचे अधिकरण आहे. रिद्धपूर ताम्रपटात मात्र तीच प्रथमेत येते.

एवढ्यावरून तिच्या आत्मप्रत्ययाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दान देणारी तीच असल्यामुळे प्रथमा ही वाक्यरचनेचीच गरज होय. शिवाय तिच्या लेखात तिची माता, नागकुलातील कुबेरनागा, पुन्हा सप्तमीतच आहे. मातेचा निर्देश सप्तमीत करणे हा राजशासनांच्या मसुद्याचा संकेत होता आणि प्रभावतीच्या लेखकानेही तो पाळला. तेव्हा केवळ विभक्तीच्या आधारे कोणाचाही मान अथवा अवमान सिद्ध होत नाही.

व्याकरणाने भाग न पाडलेली निवड मात्र लक्षणीय आहे. पुत्र सिंहासनावर असताना, त्याच्याच राज्यवर्षाचा निर्देश करूनही, प्रभावती आरंभी वंशावळ देते ती गुप्तांची. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध असता ती स्वतःस ‘धारणसगोत्रा’ म्हणवते, म्हणजे पित्याचे गोत्र राखते. ‘उभयकुलालंकारभूता’ या विशेषणातील दोन कुले सामान्यतः माहेर व सासर अशी समजली जातात. परंतु हे पद कुबेरनागेच्या उल्लेखानंतर लगेच व वाकाटकांच्या उल्लेखापूर्वी येत असल्याने पितृकुल व मातृकुल असा अर्थही संभवतो. रुद्रसेनाची अग्रमहिषी व वाकाटक राजांची जननी ही बिरुदे त्यानंतरची आहेत.

यावरून गुप्तांचे वाकाटकांवर स्वामित्व होते, असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की विवाहाने प्रभावतीचे पितृकुल लोपले नाही. विदर्भातील राजशासनात ते तिच्या अधिकाराचा आधार म्हणून नोंदले गेले. राजविवाहांचा इतिहास लिहिताना कोणी कोणास कन्या दिली, याबरोबरच त्या कन्येने आपली ओळख कोणत्या क्रमाने सांगितली, हेही तपासणे अवश्य आहे.